रेघेपलीकडचं बाळंतपण

सुई टोचायच्या आधी पेशंटला बोलण्यात गुंतवायचं, ही वासंती पाटणकरची जुनी सवय. पुण्यातल्या हॉस्पिटलात ती लागली आणि ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या डायलिसिस युनिटमध्ये आल्यावरही सुटली नाही. कुणाच्या नातवंडांची चौकशी करायची, कुणाला काल रात्री झोप लागली का ते विचारायचं, आणि बोलता बोलता सुई शिरेत गेलेली असायची. २०२१ च्या डिसेंबरात मात्र तिच्याजवळ सांगण्यासारखं स्वतःचंच काहीतरी होतं.

“माझ्या मुलीला बाळ होणार आहे, आँटी मेबल. फेब्रुवारीत. मी जाणार आहे तिच्याकडे.”

मेबल खुर्चीत रेलून बसली होती. सत्तरीला टेकलेली, अंगाने सुकलेली, डोक्याला लाल-काळा रुमाल बांधलेली तिथली आदिवासी बाई. तिने हात पुढे केला आणि विचारलं, “कुठे असते मुलगी?”

“ॲडलेडला.”

“म्हणजे पलीकडे.”

“हो. पलीकडेच.”

“मग परत कशी येणार तू?”

वासंतीने सुई आत सरकवली, नळी चिकटपट्टीने बसवली आणि मशीनकडे बघत म्हणाली, “फेब्रुवारीच्या सुरुवातीला राज्याची बॉर्डर उघडणार आहे. सरकारने तारीखसुद्धा जाहीर केली आहे.”

मेबलने कपातला बर्फाचा खडा तोंडात टाकला. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं, तहान बर्फावर भागवावी लागते. तो खडा तिच्या गालात एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेला तेवढाच.

वासंती मूळची निपाणीची. सीमाभागातली. लहानपणी घरात मराठी, शाळेच्या बाहेर कानडी, आणि मोर्चा निघाला की दुकानांची शटरं धाडधाड खाली, हे तिने पाहिलेलं होतं. मिरजेला नर्सिंग शिकली, लग्न होऊन पुण्याला आली. नवरा पद्माकर खाणीतला इंजिनिअर. त्याला स्किल्ड व्हिसा मिळाला आणि ऋतिका आठवीत असताना तिघं कालगुर्लीला आली. “दोन वर्षं काढू, मग पर्थला सरकू,” असं ठरलं होतं. पण पद्माकरला सोन्याच्या खाणीतलं काम मानवलं, वासंतीने परीक्षा देऊन इथलं रजिस्ट्रेशन मिळवलं, आणि दोन वर्षांची किती वर्षं झाली ते दोघांनी मोजणं सोडून दिलं. ऋतिका ॲडलेडला युनिव्हर्सिटीत गेली, तिथेच तिला यतिन भेटला, तिथेच दोघांना नोकऱ्या लागल्या.

साथ आली आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने आपलं दार लावून घेतलं. राज्याच्या बाहेर लोक आजारी पडत होते, आत मात्र दुकानं, शाळा, पब सगळं चालू होतं. कालगुर्लीतले लोक त्याबद्दल सरकारला दुवा देत. वासंतीही देत असे, कारण तिच्या युनिटमध्ये हा रोग शिरला असता तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या. पण २०२१ च्या एप्रिलअखेर निपाणीला तिची आई गेली. भारतातून येणारी विमानंच बंद झाली होती, त्यामुळे जायचं म्हटलं तर परतीचा रस्ता नव्हता. धाकटा भाऊ नंदू कोल्हापूरला होता. त्यालासुद्धा कोगनोळीच्या नाक्यावर रिपोर्ट दाखव म्हणून अडवून ठेवलं, आणि तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. वासंतीने आईचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं, तेही चित्र मधेच गोठलं. त्यानंतर ऋतिकाला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा तिने मनाशी धरून ठेवलं, आईच्या वेळी जमलं नाही, लेकीच्या बाळंतपणाला काही झालं तरी जायचं.

डिंक, खारीक, हळीव तिने ऑक्टोबरातच पर्थहून मागवून ठेवले होते.

मेबलचं ‘पलीकडे’ हे वासंतीला पहिल्यांदा कळलं ते आयव्हीमुळे. आयव्ही मेबलची धाकटी बहीण. दोघी एका आईच्या. कालगुर्लीपासून ईशान्येला दोन दिवसांच्या वाटेवर, जिथे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी या तिन्हींच्या सीमा एकत्र येतात, त्या लाल मातीच्या मुलखात दोघी जन्मल्या. मोठी झाल्यावर मेबल अलीकडच्या वस्तीत राहिली, आयव्ही लग्न होऊन पलीकडच्या वस्तीत गेली. मधे सकाळी निघून दुपारच्या आत पोचावं एवढंच अंतर. पुढे दोघींची मूत्रपिंडं निकामी झाली, तशी ती त्या मुलखातल्या फार लोकांची होतात. पूर्वी तिकडचे सगळे पेशंट नॉर्दर्न टेरिटरीतल्या ॲलिस स्प्रिंग्जला जात. मग तिथे खुर्च्या अपुऱ्या पडायला लागल्या आणि ज्या त्या राज्याने आपापले पेशंट सांभाळावेत असं ठरलं. मेबलचा पत्ता रेघेच्या पश्चिमेचा, म्हणून ती कालगुर्लीला आली. आयव्हीचा पत्ता पूर्वेचा, ती ॲलिसला गेली. एका रोगाच्या दोन बहिणी दोन गावांत, मधे आख्खं वाळवंट.

आठवड्यातून तीन दिवस दोघींचं डायलिसिस असायचं. वार जुळला की वासंती मेबलच्या मोकळ्या हातात फोन धरून द्यायची आणि दोघी बहिणी व्हिडिओवर एकमेकींच्या मशीन बघत बसायच्या. त्यांची भाषा वासंतीला कळत नसे, पण एकमेकींची खोड काढणं चाललंय एवढं कळायचं.

“लहानपणी आम्हाला ही रेघ ठाऊकच नव्हती,” मेबल एकदा म्हणाली होती. “पाणी कुठे आहे ते ठाऊक होतं. या पाण्यावरून त्या पाण्यावर चालत जायचो. मग गोरा माणूस आला आणि म्हणाला, हे पाणी एका सरकारचं, ते दुसऱ्या सरकारचं.”

वासंतीने हे घरी सांगितलं तेव्हा पद्माकरने जेवता जेवता सगळा इतिहास काढला. त्याला नकाशांचा नादच होता. “डचांनी पश्चिमेचा किनारा आधी पाहून ठेवला होता ना, म्हणून इंग्रजांनी सुरुवातीला पूर्वेकडचा भाग तेवढा आपला म्हणून जाहीर केला. लंडनमध्ये बसून, नकाशावर उभी रेघ मारून. काही वर्षांनी तीच रेघ आणखी पश्चिमेला सरकवली. मग उरलेलाही घेऊन टाकला आणि रेघ तशीच ठेवली. आत कोण राहतं हे ज्यांनी रेघ मारली त्यांच्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं. आणि गंमत ऐक. पुढे जमिनीवर मोजायला गेले, तेव्हा उत्तरेकडून आलेली रेघ आणि दक्षिणेकडून आलेली रेघ एकमेकींना भेटेचनात. शंभर-सव्वाशे मीटरची चूक निघाली. आजही तिथे दोन खांब आहेत.”

“यात गंमत कसली?” वासंती म्हणाली.

पद्माकरने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, “नाही, तसं नाही. खरं आहे तुझं.”

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी बातमी आली, की बॉर्डर ठरल्या तारखेला उघडणार नाही. बाहेर विषाणूचा नवा प्रकार फार पसरलाय, पुढची तारीख नंतर कळवू. वासंती पोळ्या करत होती. तवा तापून धूर निघाला तरी तिचं लक्ष नव्हतं, पद्माकरने येऊन गॅस बंद केला.

“तू तरी जा,” तो म्हणाला. “जायला कुणी अडवत नाहीये.”

“आणि परत?”

“परवानगी मागायची. आपण इथले रहिवासी आहोत.”

“अहो, कर्स्टनने मागितलीच होती ना?”

कर्स्टन म्हणजे युनिटमधली दुसरी अनुभवी नर्स. ख्रिसमसला आईकडे क्वीन्सलंडला गेली ती तिकडेच अडकली होती. तिचे अर्ज दोनदा परत आले होते. तेव्हापासून युनिटमध्ये मशीन आणि शिरा दोन्ही कळणारी एकटी वासंती उरली. बाकीच्या दोघी मुली नव्या होत्या. मॅनेजर लॉरेन भली बाई, तिने दुसऱ्या दिवशी वासंतीला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. “तुझी रजा मंजूर आहे, ती मी मागे घेणार नाही. पण तू गेलीस तर अर्धे पेशंट मला पर्थला पाठवावे लागतील. नर्स पुरवणाऱ्या एजन्सीकडे माणूसच नाहीये. तू ठरव.”

तू ठरव म्हणणं सोपं असतं. ज्याला ठरवायचं असतं त्याचा जीव टांगणीला लागतो. वासंती त्या दिवशी घरी गेली आणि सरकारच्या वेबसाइटवरचे नियम वाचत बसली. वाचून झाले की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी तिला वाटे, मघाशी एखादी ओळ नजरेतून सुटली असेल.

रात्री ऋतिकाचा फोन आला. तिच्या पायांवर सूज होती. ती कॅमेरा पायांकडे वळवून दाखवत होती.

“आई, तू येतेयस ना? यू आर कमिंग, राइट?”

“ब्लड प्रेशर किती आहे ते आधी सांग.”

“मिडवाइफ म्हणाली थोडं वर आहे. पण नो वरीज म्हणाली. आई, मी काय विचारतेय?”

“बघते ग. तारखेचं काहीतरी होईल.”

“ओके,” ऋतिका म्हणाली आणि यतिनला हाक मारून फोन त्याच्याकडे दिला.

त्या ‘ओके’ने वासंतीची झोप उडाली. पायावर सूज, ब्लड प्रेशर वर, आठवा सरत आलेला. याच्या पुढे काय काय होऊ शकतं हे एखाद्या दुसऱ्या आईला ठाऊक नसतं. तिला सगळं ठाऊक होतं.

मेबलने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. “जा तू,” ती म्हणाली. “आम्हाला कुणीतरी टोचेल सुई.”

“कोण टोचेल? तुमची शीर मला सापडायला तीन महिने लागले.”

“मग पर्थला पाठवतील. पाठवू देत. मी आयुष्यभर कुणी ना कुणी पाठवेल तिकडे गेलेय.” तिने आपला हात वासंतीच्या हातावर ठेवला. “बाळ तुझ्यासाठी थांबणार नाही.”

वासंती हो म्हणाली. त्या दिवशी तिने पर्थमार्गे ॲडलेडचं विमानाचं तिकीटही काढलं. फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारचं.

बुधवारी यतिनची टेस्ट पॉझिटिव्ह आली. तो एका खोलीत, ऋतिका दुसऱ्या खोलीत, मधल्या दाराशी जेवणाचं ताट. ऋतिकाची टेस्ट निगेटिव्ह होती, पण ती किती दिवस तशी राहील कुणास ठाऊक. आणि त्याच दुपारी मेबलचा भाचा क्लाइव्ह युनिटच्या दाराशी येऊन उभा राहिला. आयव्हीचा मुलगा तो, चाळिशीचा, खाणीत मोठे ट्रक चालवायचा. त्यांच्यात आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात. आपल्याकडे माय मरो आणि मावशी उरो म्हणतात, तसं तिथे मावशी ही माय असतेच. त्याने ॲलिस स्प्रिंग्जहून आलेली बातमी सांगितली. आयव्हीला कोविड झाला होता, छातीत उतरला होता.

गुरुवारी मेबलची खुर्ची रिकामी राहिली.

वासंतीने फोन केला, कुणी उचलेना. क्लाइव्हचा फोन बंद. पेशंट एक वेळ चुकला तर धावपळ होते, दोन वेळा चुकला तर अंगात पाणी साठतं, मग ते फुप्फुसात चढतं, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. आपल्या मुलखाकडे जायच्या ओढीने मशीन सोडून निघून गेलेले पेशंट वासंतीने पाहिले होते. त्यातले काही पोचले होते, काही नव्हते. शिफ्ट संपल्याबरोबर युनिफॉर्मवरच तिने गाडी काढली आणि गावाच्या कडेला क्लाइव्हच्या घरी गेली.

मेबल व्हरांड्यात बसली होती. शेजारी गुंडाळलेलं ब्लँकेट, एक पिशवी, आणि अंगणात क्लाइव्ह गाडीच्या टपावर पाण्याचे कॅन बांधत होता. वासंतीला इतकं हायसं वाटलं की पहिल्यांदा तिला रागच आला.

“आज का नाही आलात? मी किती फोन केले?”

“आम्ही निघतोय,” मेबल म्हणाली.

“अशा? डायलिसिस न घेता? दोन दिवसांचा रस्ता आहे, अर्धा कच्चा. मधेच छाती भरली तर काय करणार तुम्ही?”

“ठाऊक आहे मला.”

“तिथे तुम्हाला खुर्ची नाही. इथे परत यायची परवानगी मिळेल की नाही तेही सांगता येत नाही.”

मेबलने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. “माझी बहीण तिथे एकटी आहे. तिच्या भाषेत तिच्याशी बोलायला कुणी नाही. तुझी परवानगी, त्यांची परवानगी, ती मिळेपर्यंत ती राहणार आहे का?”

वासंती पायरीवर बसली. तापलेल्या सिमेंटचा चटका बसला तरी ती उठली नाही. आता काही बोलण्यात अर्थ नाही, बाई जाणारच, हे तिला दिसत होतं. जाणारच असेल तर जिवंत पोचली पाहिजे, एवढंच हातात होतं.

“मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या,” ती म्हणाली. “सकाळी लवकर या. पूर्ण डायलिसिस देते, सगळं पाणी काढते, मग निघा. तिथे खुर्चीचं मी बघते.”

मेबल आणि क्लाइव्ह आपल्या भाषेत काही बोलले. “सकाळपर्यंत,” क्लाइव्ह म्हणाला.

त्या संध्याकाळी वासंतीने गाडीतूनच ॲलिस स्प्रिंग्जला फोन लावायला सुरुवात केली. पाहुण्या पेशंटसाठी एखादी खुर्ची काही दिवस देतात, एवढं तिला ठाऊक होतं. पहिल्या बाईने सांगितलं, आमच्याकडेच स्टाफ आजारी आहे. दुसऱ्याने सांगितलं, आधी तुमच्या राज्याचं पत्र आणा. लॉरेनने जेवण टाकून पत्र लिहून दिलं. मेबलच्या वस्तीच्या पंचायतीला फोन गेला, साथीमुळे बाहेरच्यांना बंद केलेल्या मुलखातून जाण्याची मुभा त्यांनी लगेच दिली, त्यांचीच बाई होती ती. शेवटी तिकडच्या एका पुरुष नर्सने मेबलचं नाव ऐकून विचारलं, “आयव्हीची बहीण का? ती सारखी हेच नाव घेते.” आणि तो म्हणाला, “रविवारी सकाळी आणा. मी माझ्या सुट्टीत करीन, पण आणा.”

शुक्रवार उजाडला. वासंतीचं विमान दुपारचं होतं, बॅग घरी दाराशी भरून ठेवलेली होती. सकाळी तिने मेबलला मशीन लावलं. मधेच दोन नव्या मुलींपैकी एकीचा फोन आला, घरात ताप आहे, येऊ शकत नाही. दुसरी मुलगी, बिचारी, एका म्हाताऱ्याच्या शिरेत सुई घालायला गेली आणि शीर फुगली, हात काळानिळा झाला. वासंतीने तिला बाजूला केलं, बर्फ लावला, दुसरीकडून सुई घातली. मग तिने खोलीभर पाहिलं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या.

डायलिसिस संपल्यावर मेबल उठली. तिने वासंतीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला कपाळ टेकवलं. “तूही जा आज,” म्हणाली. क्लाइव्हने तिला आधार देऊन गाडीत बसवलं. पांढरी गाडी ईशान्येला, लॅव्हर्टनच्या दिशेने गेली.

वासंती गेली नाही. युनिटच्या मागच्या दाराशी उभं राहून तिने ऋतिकाला फोन केला.

“आज नाही जमत ग. आठवडाभराने, कर्स्टनचं काहीतरी झालं की लगेच—”

“आई, इट्स फाइन,” ऋतिका म्हणाली. “मला माहीत होतं.”

पुढचे दिवस वासंतीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. फोन वाजला तर भीती, नाही वाजला तर जास्त भीती. रविवारी दुपारी क्लाइव्हचा मेसेज आला. ते पोचले होते, मेबलला खुर्ची मिळाली होती, आणि गाऊन-मास्क घालून तिला बहिणीजवळ बसू दिलं होतं. त्यापुढच्या मंगळवारी बहीण गेली. मेबल जवळच होती. क्लाइव्हने नाव न घेता “आई गेली” एवढंच लिहिलं होतं. गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्यात उच्चारत नाहीत. वासंतीनेही त्यानंतर घेतलं नाही.

आणि गुरुवारी ती शिफ्टवर असताना, फोन लॉकरमध्ये असताना, ऋतिकाचं ब्लड प्रेशर एकाएकी चढलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, तातडीचं सिझेरियन. यतिनचा विलगीकरणाचा शेवटचा दिवस होता, त्याला आत सोडलं नाही. दुपारी वासंतीने लॉकर उघडला तेव्हा मिस्ड कॉलची रांग लागली होती. वरचे यतिनचे, खालचे ऋतिकाचे. तिथेच लॉकरला टेकून तिने यतिनला फोन लावला. तो रडत होता, त्यामुळे पहिली काही वाक्यं तिला कळलीच नाहीत, आणि तेवढ्या वेळात जे जे वाईट असू शकतं ते सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

“आई, दोघी ठीक आहेत,” तो अखेर म्हणाला. “मुलगी झाली. छोटी आहे, नर्सरीत ठेवलीय. ऋतिका ठीक आहे.”

वासंती खाली जमिनीवर बसली. लॉरेनने येऊन विचारलं, तेव्हा तिला इंग्रजी शब्द सापडेना. “बाळ,” ती मराठीतच म्हणाली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बॉर्डर उघडली. कर्स्टन परतली, आणि वासंती-पद्माकर गाडीने निघाले. विमानाच्या तिकिटांवर झुंबड उडाली होती. नॉर्समनपासून पुढे रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं, मधूनच मेलेलं कांगारू. दुसऱ्या दिवशी ते सीमेवर पोचले. एक पेट्रोल पंप, एक पाटी, आणि दुसऱ्या राज्यात न्यायला मनाई असलेली फळं-भाज्या टाकायचा डबा. पोलीस नव्हते, कुणी काही विचारलंही नाही. पद्माकरने घड्याळ पलीकडच्या वेळेप्रमाणे पुढे केलं.

“इथेच होती रेघ,” तो म्हणाला.

वासंती गाडीतून उतरली नाही. “चला,” म्हणाली.

ॲडलेडला यतिनने दार उघडलं, वाकून नमस्कार केला. ऋतिका सोफ्यावर होती, बाळ मांडीवर. तिने आईला मिठी मारली, पण ती मिठी पाहुण्याला मारतात तशी होती. वासंतीने डबे उघडले, लाडू काढले, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. हळिवाची खीर केली. ऋतिका सगळं नीट खाई, थँक्स आई म्हणे. तिसऱ्या दिवशी पद्माकर आणि यतिन बाजारात गेले असताना तिने विचारलं, “तुझी ती पेशंट. जी बहिणीकडे गेली. तिला भेटायला मिळालं का?”

“मिळालं. शेवटी जवळ होती ती.”

“ती आता कुठे आहे?”

“बहिणीच्या मातीला ती पलीकडच्या वस्तीत गेली, ती परत कालगुर्लीला आलीच नाही. वाळवंटातल्या एका वस्तीत छोटं युनिट आहे, तिथे जागा झाली. क्लाइव्ह म्हणाला, खूष आहे. शिव्या देते तिथल्या नर्सला.”

ऋतिका हसली नाही. बाळाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “म्हणजे तिला माहीत होतं मरू शकते, तरी ती गेली. आणि तू नाही आलीस.”

वासंतीकडे उत्तरं होती. भरलेल्या खुर्च्या होत्या, तो काळानिळा हात होता, कर्स्टनचे परत आलेले अर्ज होते. ती सगळी खरी होती. त्यातलं एकही या खोलीत बोलण्यासारखं तिला वाटेना.

“नाही आले,” ती म्हणाली.

“मला ऑपरेशनला नेत होते ना, तेव्हा मी तुला फोन करत होते. मला सही करायला सांगत होते आणि मी तुला फोन करत होते.” ऋतिकाचा आवाज फुटला. “आय ॲम स्टिल अँग्री, आई.”

“असू दे. रागाव तू.”

“किती दिवस?”

“तुला वाटेल तितके. मी सहा आठवडे आहे, कुठे जात नाही.”

ऋतिका मनसोक्त रडली. वासंती तिच्या शेजारी बसून राहिली, तिने तिला गप्प केलं नाही. त्या रडण्याने बाळ जागं झालं आणि तेही सुरू झालं. ऋतिकाने नाक पुसलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हिच्या अंघोळीची वेळ झाली. मला अजून भीती वाटते, इतकी निसटते हातातून. तू मला धरायला शिकव.”

वासंतीने बाथरूममध्ये स्टुलावर बसून पाय लांब पसरले, कोपराने पाणी तपासलं. मग ऋतिकाने जपून, श्वास रोखून, मुलीला आईच्या पायांवर पालथं घातलं.